जमिनीला लागलेली चादर

थोरलीने ओल्या चादरीचे दोन कोपरे चिमटीत धरले, झटका दिला आणि चादर रोलरच्या तोंडात सारली. वाफ अंगावर आली. तिने मान वळवली नाही. सत्तावीस वर्षांत मान वळवायची सवय मोडून गेली होती.

रोलरच्या पलीकडे धाकटी उभी होती. चादर तिच्या बाजूने कडक होऊन बाहेर आली की तिने कोपरे धरायचे, थोरलीने वळसा घालून दुसरं टोक पकडायचं आणि दोघींनी एकमेकींकडे चालत येऊन घडी घालायची. दोन पावलं पुढे, हाताला हात, दोन पावलं मागे. चादर जमिनीला लागू द्यायची नाही. लागली, तर थेट पहिल्या हौदात. भिजवण्यापासून पुन्हा सगळं. हा नियम भिंतीवर कुठे लिहिलेला नव्हता, पण नव्या बाईला पहिल्या दिवशी तोच सांगत.

दोघी बहिणी नव्हत्या. एकाच आठवड्यात, पोट घेऊन, इथे आल्या होत्या. तेव्हा धुलाईघर एका संस्थेचं होतं. लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरी तिथे येत, बाळंत होत, आणि खाल्ल्या अन्नाची फेड म्हणून वर्षभर चादरी धूत. थोरली एकवीसची होती, धाकटी अठराची. कोणीतरी तशी हाक मारली आणि तीच चिकटली. पुढे संस्था बंद पडली, धुलाईघर दवाखान्याने घेतलं, बाकीच्या पोरी पांगल्या. या दोघींना जायला घर नव्हतं. मागच्या अंगणापलीकडे एक खोली मिळाली, तीत दोघींची आयुष्यं सरत आली.

"आले माझे दाजी," धाकटी म्हणाली. "आज शिट्टी वाजवत आलेत. वाफ डोक्यात गेली वाटतं."

दारात भट्टीवाला उभा होता. तळघरातली वाफेची भट्टी तो सांभाळायचा. टोपी हातात होती आणि तो थोरलीला खुणेने बोलावत होता.

"हळू बोल. ऐकेल तो."

"ऐकू दे की! तीन वर्षं दारात उभं केलंयस त्या माणसाला. दगडाला पाझर फुटला असता एवढ्यात."

"तू चादर बघ."

"तीच बघतेय. ती निदान सरळ तरी होते."

चहाच्या सुट्टीत थोरली तळघरात उतरली. भट्टीवाल्याने स्टूल बाहीने पुसलं.

"बस."

"उभीच बरी. दहा मिनिटांत वर जायचंय."

"बस म्हणतो ना. हे उभ्याने ऐकायचं नाही." ती बसली. तो तिच्यासमोर उकिडवा झाला. पन्नाशी उलटलेला माणूस, भुवया आगीने अर्ध्या जळालेल्या. पण आज त्याचं तोंड परीक्षेत पास झालेल्या पोरासारखं दिसत होतं. "सापडली," तो म्हणाला.

"कोण?"

"कोण काय! तुझी लेक. सतरा नंबर."

थोरलीने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

तीन वर्षांपूर्वी त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, माझं एक माणूस बाहेर आहे. त्याचा पत्ता लागल्याशिवाय मी कोणाच्या घरात पाऊल ठेवणार नाही. ती सबब होती. पत्ता कधी लागणार नाही या भरवशावर सांगितलेली. भट्टीवाल्याने मात्र ती सबब म्हणून ऐकलीच नाही, काम म्हणून ऐकली. काम सांगितलं की तो करायचा. नळ गळत असो की माणूस हरवलेलं असो.

"संस्थेची सगळी दप्तरं कचेरीच्या माळ्यावर टाकलीत," तो सांगत होता. "तिथल्या कारकुनाची शेगडी मी दुरुस्त करून दिली. म्हणाला, बघा काय बघायचं ते. आणि गंमत ऐक. सतरा नंबरच्या पानाला चिठ्ठी टाचलेली. तिने स्वतः येऊन लावलेली, दोन वर्षांपूर्वी. 'माझी चौकशी करत कोणी आलं तर या पत्त्यावर कळवा.' ती पण शोधत होती तुला! मी कळवलं. रविवारी येते आहे."

"नको."

"काय नको?"

"नका बोलवू तिला."

त्याच्या तोंडावरचा उजेड एकदम गेला नाही, हळूहळू उतरला. तो उठला, भट्टीचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

"घाबरलीस," तो म्हणाला. "साहजिक आहे. मी असेन ना शेजारी."

त्या संध्याकाळी खोलीत धाकटी पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती. तिचं रोजचं चाललं होतं, दत्तक गेलेल्या लेकीचं.

"आज त्यांच्याकडे बागेत चहा असेल. हवा बरी आहे ना. ती झाडाखाली खुर्ची टाकून बसली असेल, पुस्तक घेऊन. चष्मा लागला असेल का गं तिला? त्या बाईला होता. पण त्या बाईचा कसा लागेल हिला, मी पण वेडीच! माझे डोळे बरे आहेत. तिचेही बरेच असणार."

"असणार."

"आपल्या पोरी आता आपल्यापेक्षा मोठ्या दिसत असतील, ताई. मी तर अजून अठराचीच आहे. फक्त गुडघे पंचेचाळीसचे आहेत."

ती स्वतःच हसली. वाक्य संपायच्या आत हसू फुटायचं तिचं, आणि हसताना डावा खांदा कानाकडे जायचा. थोरली पाठमोरी होऊन केर काढू लागली. केर सकाळीच काढलेला होता.

धाकटीची मुलगी बागवाल्यांकडे गेली, हे धाकटीचं धन होतं. दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं. गावाबाहेर मोठी बाग असलेलं घर, गाडीतून आलेलं शांत जोडपं, चष्म्यातल्या बाईने बाळाला हात लावण्याआधी धुतलेले हात. धाकटीने ते एकदाच, तापात उठून, दाराच्या फटीतून लांबून पाहिलं होतं. त्या एका पाहण्यातून तिने सत्तावीस वर्षांचा संसार उभा केला होता. मुलीला घोवर आला, बरा झाला. मुलगी पोहायला शिकली. मुलीचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. थोरलीने सगळ्याला हुंकार दिला होता. आणि रोलरची वाफेची बाजू कायम आपल्याकडे ठेवली होती. धाकटी लोकांना सांगायची, सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही.

ते खरंच होतं. सख्ख्या बहिणीने तसं केलंच नसतं.

संस्थेत बाळाला नाव देत नसत, नंबर देत. आईनेच कापडाच्या पट्टीवर लाल दोऱ्याने आकडा भरायचा आणि पट्टी बाळाच्या पायात घालून टाके मारून बंद करायची. कात्रीशिवाय निघू नये अशी. दीड महिन्याने बाळ जाई. कुठलं कुठे जाणार ते मोठ्या बाई वहीत लिहीत, आणि नेणारे आले की पायातला आकडा बघून बाळ हातात देत. तोंड कोणी बघत नसे. दूध पिऊन झोपलेली दीड महिन्याची पोरं आईशिवाय कोणाला ओळखू येणार?

दोघींच्या पोरी जायच्या आदल्या दिवशी दोन्ही जोडपी येऊन गेली. थोरली पाळण्यांच्या खोलीत फरशी पुसत होती, म्हणून तिला दिसलं. हमरस्त्यावरच्या खाणावळीचा मालक पाळण्यावर वाकला. त्याने बाळाचं तोंड पाहिलं नाही. दुपट्यातून हात बाहेर काढला आणि अंगठ्याने मनगट दाबून बघितलं. जनावराच्या बाजारात खूर बघतात तसं. मग बायकोकडे बघून मान हलवली.

ते मनगट सतरा नंबरचं होतं. थोरलीच्या मुलीचं.

धाकटी तेव्हा तापाने फणफणून वर निजली होती. पहाटेचं दूध पाजायला थोरली एकटीच खाली आली. दोन्ही पाळणे शेजारी होते. तिने खिशातून कात्री काढली, दोन्ही पट्ट्या उसवल्या आणि सतराची अठराला, अठराची सतराला घालून पुन्हा टाके मारले. एवढ्या वेळात दूधही उतू गेलं नसतं. शेवटचा टाका मारताना धाकटीची पोर जागी झाली आणि तिच्याकडे बघून तोंड वेडंवाकडं करून हसली. त्या वयाची पोरं हसतात तसं, कोणाकडेही.

दुपारी दोघी गेल्या. बागेत गेली ती थोरलीची, खाणावळीत गेली ती धाकटीची. वहीत मात्र सगळं जिथल्या तिथे होतं.

म्हणून रविवारी सतरा नंबरचा कागद घेऊन जी कोणी येणार होती, ती आपली नाही, हे थोरलीला तिचं तोंड न बघताच माहीत होतं. आणि ती कुठून येणार आहे, तेही.

शुक्रवारी काम सुटल्यावर भट्टीवाल्याने तिला आपली खोली दाखवायला नेलं. भिंतींना नवा रंग दिला होता. खिडकीची मोडकी कडी बदलली होती. टेबलावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते सोडलं. तीन कप होते, निळ्या काठाचे.

"तीन?" ती म्हणाली.

"दोनाचे मिळत होते. मी म्हटलं, तीन द्या. कधी आली राहायला तर तिला काय झाकणीत देणार?"

थोरलीने तिसरा कप उचलला. हलका होता. तिच्या मनात आलं, एवढंच तर करायचं आहे. गप्प बसायचं. सत्तावीस वर्षं बसले, आणखी वीस बसेन. पोरीला आई मिळेल, याला घर मिळेल, धाकटीची बाग तिच्यापाशी राहील. माझी माझ्या जागी सुखात आहे. कोणाचं काय जाणार आहे?

"एक सांगायचं राहिलं," भट्टीवाला म्हणाला. खिडकीची कडी तो लावून उघडून बघत होता, पाठ तिच्याकडे होती. "धाकटीला मात्र कळू देऊ नकोस. म्हटलं, एवढं दप्तर काढलंच आहे तर तिच्याही पोरीचं बघू, तिलाही तेवढाच आनंद. तर अठरा नंबरच्या पानावर तांबड्या शाईची रेघ, खाली नोंद. कारकुनाने वाचून दाखवलं. चार वर्षांची असताना गेली. त्यांच्या बागेत हौद होता, त्यात पडली. दुपारी सगळे झोपले होते."

कडीचा आवाज येत राहिला. वर, खाली.

"ऐकलंस ना? तिला नाही सांगायचं."

"नाही सांगायचं," थोरली म्हणाली.

"बिचारी रोज बागेच्या गोष्टी सांगते. मला तर आता तिच्याकडे बघवत नाही."

थोरलीने कप टेबलावर ठेवला. पालथा ठेवला. मग तो पालथा आहे हे बघून सरळ केला.

"कुठला महिना होता?"

"काय?"

"थंडीचे दिवस होते का? पाणी थंड असेल का?"

भट्टीवाला वळून तिच्याकडे बघत राहिला. "आता ते कसं कळणार," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तुझा जीव फार आहे तिच्यावर."

रविवारी दुपारी बसस्थानकाच्या चहाच्या दुकानात ती दोघं आधीच जाऊन बसली. भट्टीवाल्याने दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं, तिथे कागदाचा कपटा चिकटला होता. थोरलीने तो काढला नाही. एरवी काढला असता.

मुलगी दारात आली तेव्हा कोणी सांगायची गरज पडली नाही. धाकटी सत्तावीस वर्षांची असताना जशी होती, तशी ती होती. फक्त कोणीतरी तिच्या अंगावरचं मऊ तेवढं काढून घेतल्यासारखी. ती आली, खुर्ची ओढली, पिशवी मांडीवर घेऊन बसली. हात जाडे, नखं मुळाशी कापलेली. पाया पडली नाही, गळ्यात पडली नाही.

"तुम्हीच का?" तिने थोरलीला विचारलं.

"सतरा नंबरची पट्टी मी भरली," थोरली म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

मुलीने पिशवीतून रुमाल काढला, त्याची घडी सोडली. लाल दोरा विटून विटकरी झाला होता, पण आकडा वाचता येत होता. "त्यांनी फेकली नव्हती. चाव्यांच्या जुडग्याला बांधली होती. कोठीची चावी ओळखू यावी म्हणून."

"काय घेशील? चहा? खायला काही?" भट्टीवाल्याने घाईघाईने विचारलं.

"चहा चालेल. खाणावळीत वाढले, बाहेरचं खाऊ वाटत नाही." आणि वाक्य संपायच्या आत तिला हसू आलं. डावा खांदा कानाकडे गेला.

थोरलीने टेबलाची कड धरली.

मग मुलगी बोलली. तिला वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता, इतकं सरळ बोलली. पाच वर्षांची असल्यापासून भांडी. हात टाकीत पोहोचत नव्हते म्हणून खोका मिळाला होता उभं राहायला. शाळा दोन वर्षं. रात्री कोठीला बाहेरून कुलूप, उतारूंच्या वस्तूंना हात लावेल म्हणून. एकोणिसाव्या वर्षी पळाली. आता एका शिवणकामाच्या कारखान्यात बटणं लावते. एक माणूस आहे, लग्नाचं विचारतो.

"मग करायचं की!" भट्टीवाला म्हणाला.

"त्याला सांगितलंय, आधी एक काम उरकते. पत्ता लागला की मग बघू." तिने चहाचा कप हातात फिरवला. "मी भांडायला आले नाही. मालकीणबाई नेहमी म्हणायची, दोन पोरी होत्या, एक बागेत गेली आणि आमच्या पदरात ही पडली. मी भांडी घासताना त्या दुसरीचा विचार करायचे. रागाने नाही. नुसतंच, की मी का नाही ती? एवढंच विचारायचंय. तुम्ही मला तिथे का दिलंत? ते लोक कसले आहेत ते दिसलं नव्हतं तुम्हाला?"

भट्टीवाला मध्ये काही बोलणार होता. थोरलीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"दिसलं होतं," ती म्हणाली.

मुलगी थांबली. तिला हे उत्तर अपेक्षित नसावं. लोक अशा वेळी रडतात, परिस्थिती सांगतात. तिने त्याची तयारी केली असणार.

"चहा संपव," थोरली उठत म्हणाली. "आणि चल माझ्याबरोबर. जवळच आहे. तिथे सांगते."

दोघी पुढे चालल्या. भट्टीवाला दोन पावलं मागून येत होता. धुलाईघराच्या फाटकाशी तो पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "इथे कशाला? धाकटी असेल. तिच्यासमोर नको. तिला आपली आठवेल."

"आठवू दे."

"अगं, पण..."

"तुम्ही आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल," ती म्हणाली. तीन वर्षांत ती त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. तो आला.

रविवारी रोलर बंद असे. घाईच्या चादरी अंगणात दोरीवर वाळत आणि पाळीची बाई हातानेच घड्या घाली. आज पाळी धाकटीची होती. ती दोन दोऱ्यांच्या मध्ये, एक मोठी चादर एकटीच आवरायची खटपट करत होती. एक टोक हनुवटीखाली धरलेलं.

"आलीस होय!" चादरीमागून ती ओरडली. "मघापासून कुठे गेली होतीस, दाजींना घेऊन? मला वाटलं, लग्न उरकून येताय चोरून. ये, धर जरा. ही भवानी ऐकत नाही."

थोरली जागची हलली नाही. तिने मुलीच्या पाठीला हात लावला. "पलीकडची बाजू धर," ती म्हणाली. "कोपरे चिमटीत. जमिनीला लागू देऊ नकोस."

मुलीने पिशवी खाली ठेवली. कामाची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तिने वाकून दोन्ही कोपरे उचलले, मागे सरकून चादर ताणली. धाकटीने झटका दिला, मुलीने झटका दिला. मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या. दोन पावलं. चादर त्यांच्या मध्ये दुमडली, आणि हाताला हात लागला.

"ही कोण गं? नवी?" धाकटी म्हणाली. हसायला तोंड उघडलं होतं. मग ते तसंच राहिलं. ती मुलीच्या तोंडाकडे बघत होती, आरशात अचानक आपणच दिसल्यावर माणूस बघतं तशी. आपण आहोत हे कळायच्या आधीची ती नजर.

थोरली बोलली तेव्हा तिचा आवाज रोजचाच होता. हौदात सोडा किती घालायचा ते सांगताना असतो तसा.

"धाकटे, ही सतरा नंबर आहे. ही तुझी. त्या पहाटे तू तापात होतीस. पट्ट्या मी बदलल्या."

दोरीवरच्या चादरी वाऱ्याने फुगल्या आणि पडल्या.

"तू विचारत होतीस ना," ती मुलीला म्हणाली, "तिथे का दिलं म्हणून. हिने नाही दिलं. हिला ठाऊकच नव्हतं. मी दिलं. माझी जायची होती, तिच्या जागी तुला दिलं."

मुलीने आपल्या हातांकडे पाहिलं. ते अजून धाकटीच्या हातांत होते. दोघींच्याही चिमटीत चादरीचे कोपरे.

"मग..." धाकटी म्हणाली. "मग ती बागेतली कोण?"

"ती माझी."

"ती कुठे आहे?"

थोरलीने भट्टीवाल्याकडे पाहिलं नाही, तरी तिला कळलं. त्याने टोपी काढली होती. शुक्रवारपासून त्याच्या मनात अडकलेला तिचा तो विचित्र प्रश्न आता कुठे सुटला होता, आणि तो टोपी दोन्ही हातांनी पिळत उभा होता, ओल्या फडक्यासारखी.

"ती नाही," थोरली म्हणाली. "चार वर्षांची असतानाच गेली. मला परवा कळलं."

धाकटीच्या हातातून चादर सुटली. कशी सुटली तिलाही कळलं नसेल. सत्तावीस वर्षांत तिच्या हातून एकही चादर सुटली नव्हती. आधी एक कोपरा गेला, मग सगळी घडी उलगडत खाली आली आणि अंगणाच्या मातीवर पसरली. दोघी मायलेकी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, रिकाम्या हातांनी. धाकटीने थोरलीला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तिने फक्त मुलीचं मनगट पकडलं. घट्ट पकडलं, कोणी पुन्हा ओढून नेईल अशा भीतीने. आणि थोरलीकडे पाठ केली.

थोरली वाकली. गुडघे वाजले. तिने चादर गोळा केली, माती आत राहील अशी गुंडाळली आणि उराशी धरून अंगणाच्या टोकाला, पहिल्या हौदापाशी गेली. मागून पावलं वाजली. ती भट्टीवाल्याची होती. तो थोडा लांबच थांबला.

त्याने घसा खाकरून विचारलं, "गरम पाणी सोडू का?"

"नको."

तिने चादर हौदात सोडली. ती आधी फुगून वर राहिली, बुडेना. थोरलीने दोन्ही हात कोपरापर्यंत घालून तिला खाली दाबलं, आणि तशीच धरून उभी राहिली.

पाणी थंड होतं.